मेंढ्यांची विषबाधा आणि सर्व विषांवरचा एकच उतारा

ज्वारीच्या सडात शिरलेला कळप अर्ध्या तासात आडवा होतो. खळ्यावरच्या राशीत रात्री घुसलेल्या मेंढ्या दुसऱ्या दिवशी माना टाकून बसतात. दोन्ही प्रसंगी गावात निदान एकच होते : "विष लागले." निदान एक म्हणून उताराही एकच. कोणी आंबट ताक आणतो, कोणी गोडेतेल, कोणी गुळाचे पाणी, तर कोणी खाण्याचा सोडा. जो आधी धावत आला त्याचे भांडे आधी मेंढीच्या तोंडी लागते. धावून येणाऱ्यांच्या माणुसकीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ताक, तेल, गूळ आणि सोडा या चारही वस्तू काही प्रसंगी उपयोगी पडतात, काही प्रसंगी निरुपयोगी ठरतात आणि काही प्रसंगी मेलेल्यास मारणाऱ्या असतात. म्हणून मेंढीला काय पाजावे या प्रश्नाच्या आधी तिने काय खाल्ले हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. तो विचारण्याची सवय गावोगाव लावणे हे, लस टोचण्याच्या किंवा जंताचे औषध पाजण्याच्या कामाइतकेच, गावपातळीवरील सेवकांचे काम मानले जावयास हवे.

प्रश्न किरकोळ नाही. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या अवर्षणप्रवण तालुक्यांतील धनगर कुटुंबाची बहुतेक सारी मिळकत चार पायांवर उभी असते. शेतकऱ्याचे पीक एका हंगामात बुडाले तरी जमीन जागेवर राहते. मेंढपाळाचे भांडवल मात्र एका दुपारी, एका बांधाच्या आत, नाहीसे होऊ शकते. दिवाळीनंतर कळप घेऊन परमुलखात गेलेल्या माणसावर हा प्रसंग येतो, तेव्हा त्याला तिथला पशुवैद्यकीय दवाखाना ठाऊक नसतो, बांधापलीकडचा शेतकरी ठाऊक नसतो, आणि त्या शेतात मागल्या आठवड्यात काय फवारले हे तर त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

मेंढीचे पोट कसे चालते हे थोडक्यात ध्यानात घेतल्यावाचून विषाची गोष्ट समजणार नाही. मेंढीला पोटाचे चार कप्पे असतात : कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे जठर. यांपैकी कोठीपोटाने उदराची डावी बाजू जवळजवळ पूर्ण व्यापलेली असते. त्यास पोट म्हणण्यापेक्षा आंबवणाचा रांजण म्हणणे अधिक योग्य होईल. त्यात हवेशिवाय जगणारे असंख्य सूक्ष्मजंतू चारा कुजवितात, आणि त्या कुजण्यातून निघणाऱ्या आम्लांवर मेंढीच्या शक्तीचा मोठा भाग चालतो. रांजणातील रस किंचित आम्लधर्मी, सामू ६ ते ७ च्या दरम्यान, राहावा यासाठी मेंढी दिवसाकाठी कित्येक लीटर अल्कधर्मी लाळ गिळते. रवंथ जितके अधिक तितकी लाळ अधिक. कोठीपोट मिनिटाला एक-दोन वेळा आकुंचन पावून घुसळण करते आणि तयार झालेला वायू ढेकरेवाटे बाहेर टाकते. डाव्या कुशीवर मूठ टेकवून ही घुसळण कोणासही हाताने जाणवते. मेंढपाळाच्या हाताला ती चांगलीच परिचित असते, पण तिचा उपयोग आजाराच्या वेळी करण्याची आठवण फार थोड्यांना राहते.

या रचनेचे दोन परिणाम विषबाधेत महत्त्वाचे ठरतात. मेंढी माणसाप्रमाणे किंवा कुत्र्याप्रमाणे ओकून विष बाहेर टाकू शकत नाही. जे आत गेले ते रांजणात पडून राहते आणि तेथून हळूहळू रक्तात झिरपत राहते. दुसरे असे की हे सूक्ष्मजंतू काही विषांचा नाश करतात, तर काही निरुपद्रवी पदार्थांचे विष बनवितात. एकच वनस्पती घोड्यास बाधत नाही आणि मेंढीस बाधते, याचे कारण पुष्कळदा या रांजणात सापडते.

ज्वारीचेच उदाहरण घ्यावे. ज्वारीच्या कोवळ्या पानांत धुरिन नावाचा पदार्थ असतो. तो जोपर्यंत अखंड पानात आहे तोपर्यंत विषारी नव्हे. पान चावले गेले, चिरडले किंवा सुकून मलूल झाले की पानातील पेशी फुटतात, धुरिनाचे विघटन होते आणि हायड्रोसायनिक आम्ल मोकळे होते. घोडा किंवा डुक्कर यांच्या जठरातील तीव्र आम्लात हे विघटन घडवून आणणारी द्रव्ये मंदावतात. मेंढीच्या कोठीपोटात मात्र ऊब आहे, ओल आहे, आम्ल सौम्य आहे, आणि सूक्ष्मजंतूही या कामास हातभार लावतात. म्हणून रवंथ करणारे जनावर यास अधिक बळी पडते. हे विष रक्तात गेले म्हणजे शरीरातील पेशींना रक्तातील प्राणवायू घेता येत नाही. रक्तात प्राणवायू भरपूर, पण तो वापरण्याची वाट बंद, अशी स्थिती होते. म्हणूनच अशा मेंढीच्या हिरड्या व डोळ्यांच्या आतील त्वचा प्रथम लालभडक दिसते. धाप लागते, लाळ गळते, पाय लटपटतात, झटके येतात, आणि काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत सर्व आटोपते.

आता कोणती ज्वारी अधिक घातक? कापणीनंतर सडावर अवकाळी पावसाने किंवा पाटाच्या पाण्याने फुटलेले कोंब, भरपूर नत्रखत दिलेले कोवळे पीक, आणि पाण्यावाचून खुरटलेले पीक. यातील तिसरा प्रकार सर्वांत दुःखाचा आहे. पाऊस ओढ देतो, ज्वारी गुडघ्याएवढी होऊन सुकू लागते, दाणा येण्याची आशा सुटते. तेव्हा शेतकरी उदार मनाने म्हणतो की पीक तर गेलेच, निदान मुक्या जनावरांच्या मुखी लागू दे. देणाऱ्याचे मन मोठे, घेणारा उपाशी, आणि शेतात नेमके ते पीक की जे त्या आठवड्यात सर्वांत विषारी झालेले असते. या औदार्याला ज्ञानाची जोड नसेल तर ते वैऱ्याच्या करणीइतके महाग पडते.

येथे भुकेचा वाटा विषाहून कमी नाही. शरीर थोडे थोडे सायनाइड निकामी करू शकते. गंधकाच्या साहाय्याने यकृतात हे काम सतत चालू असते. म्हणून जी मेंढी सावकाश चार घास खाते ती वाचते, आणि दोन दिवसांच्या वाटचालीनंतर शेतावर तुटून पडलेली मरते. कोवळ्या ज्वारीजवळून कळप न्यावयाचा असल्यास आधी वाळला कडबा किंवा गवत खाऊ घालून मगच न्यावा. पीक निम्मे फुलोऱ्यावर आल्याशिवाय त्यात मेंढी सोडू नये. पूर्ण वाळविलेल्या कडब्यात हे विष बरेच उडून गेलेले असते आणि मुरघासातही ते कमी होते. मात्र बाधा झाल्यावर ताक, तेल किंवा गूळ यांपैकी काहीच कामाचे नाही. त्यावर सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट यांचे शिरेतून दिलेले इंजेक्शन हाच खरा उतारा, आणि तो वेळेवर मिळाला तर मरणाच्या दारातील मेंढी उठून उभी राहते. दवाखान्याच्या कपाटात ही दोन औषधे ज्वारीच्या हंगामापूर्वी आहेत की नाहीत, हे गावाच्या सेवकाने विचारून ठेवणे म्हणजे आगंतुकपणा नव्हे. (नत्रखत अतिशय दिलेल्या काही चाऱ्यांतून नायट्रेटची बाधाही होते, तीत रक्त लालभडक न दिसता चॉकलेटी रंगाचे दिसते आणि तिचा उतारा मेथिलीन ब्ल्यू हा आहे. रक्ताचा रंग पाहण्यास पैसा लागत नाही.)

धान्याची बाधा ही याच्या अगदी उलट चालीची. धान्य विषारी नसते. ते अती झाले की कोठीपोट स्वतःच विष तयार करते. खळ्यावरची बाजरी, मक्याच्या शेतात पडून राहिलेली कणसे, लग्नाच्या मांडवामागे ओतलेला भात व पुऱ्या यांवर सवय नसलेली मेंढी पोटभर चरली म्हणजे पिष्टमय पदार्थांवर वाढणारे जंतू बेसुमार वाढतात आणि लॅक्टिक आम्लाचा पूर लोटतो. धान्यास चघळणे थोडे, म्हणून लाळही थोडी. आम्ल मारणारा क्षार अपुरा पडतो. सामू ५ च्या खाली उतरला की चारा पचविणारे उपयुक्त जंतू मरू लागतात, घुसळण थांबते, आणि आम्लाने दाट झालेला रस शरीरातले पाणी आत ओढून घेतो. मेंढीचे पोट हलविल्यास पखालीसारखे डुचमळते आणि त्याच वेळी तिचे डोळे खोल जातात. पोटात पाणी आणि अंगात शोष अशी विपरीत अवस्था येते. पातळ, आंबूस वासाची हगवण लागते. ही मेंढी ज्वारीच्या मेंढीसारखी अर्ध्या तासात मरत नाही. एक-दोन दिवस कण्हत, दात खात पडून राहते. म्हणूनच येथे उपचारास अवधी असतो, आणि म्हणूनच येथे चुकीच्या उपचाराचा दोषही अधिक.

अशा मेंढीस गुळाचे पाणी पाजणे म्हणजे चुलीत आणखी लाकूड सारणे होय. साखर मिळताच आम्ल वाढते. आंबट ताकाने आम्लात आम्लाची भर पडते. येथे खाण्याचा सोडा कोमट पाण्यात विरघळवून देणे हे योग्य, आणि त्याचे प्रमाण मेंढीच्या वजनावरून पशुवैद्यकास विचारून ठरवावे. बाधा झालेल्या कळपातील ज्या मेंढ्या अजून उभ्या आहेत त्यांचे धान्य तात्काळ तोडून त्यांना फक्त वाळले गवत द्यावे.

आता युरियाकडे पाहिले म्हणजे ताकाचा मान परत मिळतो. ठिबकच्या टाकीजवळ सांडलेला, फाटक्या पोत्यातून पाटात वाहिलेला किंवा मिठाच्या ओढीने चाटलेला युरिया कोठीपोटात गेला की जंतू त्याचा झपाट्याने अमोनिया करतात. हाच अमोनिया थोडा थोडा मिळाला तर जंतू त्यापासून स्वतःची प्रथिने बनवितात, आणि म्हणूनच युरियाप्रक्रिया केलेला चारा शास्त्रशुद्ध रीतीने, हळूहळू सवय लावून देता येतो. पण एकदम पुष्कळ झाला तर कोठीपोटातील रस आम्लधर्मी राहत नाही, अल्कधर्मी होतो, आणि अमोनिया रक्तात शिरतो. अर्ध्या-एक तासात मेंढीचे पोट फुगते, अंग थरथरते, ती दात खाते, झटके देते. या मेंढीस सोडा पाजणारा मनुष्य न कळत विषास मदत करतो. तिला आम्ल हवे : शिरका थंड पाण्यात मिसळून अर्धा ते एक लीटरपर्यंत. शिरका नसेल तेथे आंबट ताक अगदीच व्यर्थ जात नाही. धान्याच्या मेंढीला जे मारते तेच युरियाच्या मेंढीला तारते, यापेक्षा बोलके उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

घाट उतरून कोकणाकडे जाणाऱ्या कळपांसाठी घाणेरीचा, म्हणजेच टणटणीचा, इशारा वेगळा द्यावयास हवा. गावातली मेंढी सहसा तिला तोंड लावत नाही. नव्या मुलखात आलेली, दुसरे काही न मिळालेली मेंढी लावते. घाणेरीतील विष यकृतावर आघात करते, पित्ताचा मार्ग मंदावतो, डोळे पिवळे होतात, आणि लोकर नसलेल्या नाक-कानाच्या त्वचेस उन्हाने सूज येऊन ती फाटते. परंतु खरे लबाड काम पोटात चालते. बिघडलेल्या यकृताकडून कोठीपोटाची घुसळण थांबविली जाते. घुसळण थांबल्याने विषारी पाला पुढे न सरकता रांजणातच साचून राहतो. तेथून विष झिरपत राहते आणि यकृत आणखी बिघडते. हे चक्र दिवसेंदिवस चालते, म्हणून घाणेरी खाल्लेली मेंढी आठवड्यानेही मरते आणि तोवर सर्वजण मूळ कारण विसरलेले असतात. यावर औषधी दुकानातला सक्रिय कोळसा मोठ्या मात्रेत, मेंढीस अर्ध्या किलोपर्यंत, पाण्यात कालवून नळीने देतात. तो विष शोषून घेतो, आणि विष अजून कोठीपोटातच असल्यामुळे काही दिवस उशीर झाला तरी त्याचा उपयोग होतो. चुलीतला कोळसा त्याची बरोबरी करीत नाही. मेंढी सावलीत ठेवावी, हे विसरू नये.

कण्हेरीबद्दल एवढेच पुरे की तिची थोडी पानेही हृदय बंद पाडतात, आणि कुंपणाची छाटलेली, सुकत पडलेली कण्हेर हिरव्या झाडापेक्षा अधिक खाल्ली जाते. फवारणीच्या कीटकनाशकांपैकी सेंद्रिय फॉस्फरस वर्गातली औषधे पोट थांबवीत नाहीत, उलट बेफाम करतात : लाळेच्या धारा, हगवण, बारीक झालेल्या बाहुल्या. त्यावर ॲट्रोपीन हे औषध असून, येथे गोडेतेल पाजणे विशेष हानिकारक, कारण अशी पुष्कळ औषधे तेलात विरघळून अधिक सहज शोषली जातात. पोटात फेसाळ वायू धरला असता जे तेल उपयोगी पडते तेच येथे वैरी होते. द्राक्षबागेत गवत मोफत मिळते म्हणून मेंढ्या घालणाऱ्यांनी मोरचुदाचा विचार करावा. गायीस सोसणारे तांबे मेंढीस सोसत नाही. ते महिनोगणती यकृतात साचते आणि एके दिवशी काळपट लाल लघवी व कावीळ होऊन मेंढी पडते. गायीम्हशींसाठी बनविलेले खनिज मिश्रण मेंढ्यांना देऊ नये ते याच कारणाने.

एक विष मात्र बाहेरून येतच नाही. पावसाळ्याच्या आरंभी लुसलुशीत गवतावर तुटून पडलेली, कळपातील सर्वांत धष्टपुष्ट कोकरे सकाळी मेलेली आढळतात आणि म्हातारी माणसे दृष्ट लागली असे म्हणतात. हा आंत्रविषार होय. आतड्यात नेहमी असणारे जंतू पचनावर भार पडला की भराभर वाढतात आणि तेथेच विष बनवितात. जास्त खाणारे कोकरू जास्त धष्टपुष्ट, आणि तेच आधी बळी. याला पाजण्याचे औषध शोधण्यात अर्थ नाही. पावसाळ्यापूर्वी लस आणि पहिल्यांदा टोचलेल्या कोकरांना दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा हाच मार्ग.

दोष कोणाचा, हा प्रश्न अशा वेळी बहुधा मेंढपाळाकडेच बोट दाखवून संपविला जातो : "मेंढ्या आवरता येत नाहीत तर आणता कशाला?" हे न्यायाचे नाही. खतासाठी शेतात मेंढ्या बसविताना शेतकरी किती रात्री, किती धान्य, किती पैसे हे काटेकोर ठरवितो. शेजारच्या वाफ्यात फवारणी कधी झाली, युरियाची पोती कोठे उघडी आहेत, सडाला फूट किती दिवसांची आहे, हे सांगण्याचे मात्र त्याच्या मनात येत नाही. लेंडीखताचा लाभ ज्याच्या जमिनीला होतो त्याच्याकडे ही माहिती देण्याचे कर्तव्यही येते. फवारलेल्या शेताच्या बांधावर काठीला फडके बांधून ठेवण्यास खर्च काय? आणि कळपाचा तळ गावाच्या शिवेत पडला हे कळताच गावच्या सेवकाने तळावर जाऊन वाघरीजवळ दहा मिनिटे बसावे, कोणत्या बाजूस कोवळी ज्वारी आहे ते सांगावे आणि पशुवैद्यकीय मदतीचा १९६२ हा दूरध्वनी क्रमांक मेंढक्याच्या ध्यानात राहील असा सांगून ठेवावा. पाहुण्या कळपाची दखल कोणत्याच नोंदवहीत नसते, म्हणून ती कोणाचीच जबाबदारी ठरत नाही. हा नोंदवहीचा दोष माणसांनी भरून काढावा.

प्रसंग आलाच तर कळप घाईने पळवीत नेऊ नये. धावण्याने प्राणवायूची गरज वाढते. त्या शेतातून शांतपणे बाहेर काढून सावलीत उभा करावा आणि मेंढ्यांनी खाल्लेल्या झाडाची एक जुडी हाती घेऊनच पशुवैद्यकाशी बोलावे. पाजावयाचे झाल्यास मेंढीचे तोंड आकाशाकडे करू नये. डोके पाठीच्या रेषेत ठेवून गालाच्या कोपऱ्यातून थोडे थोडे पाजावे. जिला झटके येत आहेत किंवा जी बेशुद्ध आहे तिला काहीच पाजू नये. फुप्फुसात गेलेल्या ताकाने मेलेल्या मेंढ्यांची गणनाही गावात विषाच्या खात्यावरच होते.

मरू घातलेल्या मेंढ्या घाईने कापून मांस विकण्याचा मोह येथे होतो, आणि कर्जात बुडालेल्या माणसाचा तो मोह समजण्यासारखा आहे. पण विष कोणते हे ठाऊक नसता ते मांस दुसऱ्याच्या ताटात जाऊ देणे कोणत्याही सबबीखाली क्षम्य नाही. त्याऐवजी एका मेंढीचे शवविच्छेदन पशुवैद्यकाकडून करून घ्यावे. विमा उतरविलेला असेल तर दाव्यासाठीही तो कागद लागतो. कोठीपोटातील चारा हवाबंद बाटलीत भरून, बर्फात ठेवून, शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेकडे पाठवावा. पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. सायनाइड उडून जाणारे विष असल्याने उघड्या पिशवीत चार दिवसांनी पोहोचलेला नमुना काही सांगू शकत नाही.

वाचलेल्या मेंढ्यांकडे नंतर कोणी पाहत नाही, ही आणखी एक उणीव. धान्याच्या बाधेतून उठलेल्या मेंढीच्या कोठीपोटातील जंतुसृष्टी उजाड झालेली असते. तिच्यापुढे चांगला चारा टाकला तरी तो पचविणारे कोणी आत उरलेले नसते. तिला काही दिवस धान्य न देता मऊ वाळले गवत थोडे थोडे द्यावे. जवळपास निरोगी मेंढी कापली जात असेल तर तिच्या कोठीपोटातील ताजा रस फडक्याने गाळून, कोमट असतानाच, पशुवैद्यकाच्या हातून नळीने आजारी मेंढीच्या पोटात घालून घ्यावा. त्यातील जिवंत जंतू उजाड रांजणात पुन्हा वस्ती करतात. रवंथ सुरू झाले आणि डाव्या कुशीवर मुठीखाली घुसळण जाणवू लागली की मेंढी सुधारली असे समजावे. पुढे काही आठवड्यांनी तिची लोकर पुंजक्यापुंजक्याने गळू लागली तर तो खरजेचा प्रकार समजून औषधावर पैसा घालविण्यापूर्वी आजारपणाचा दिवस आठवावा. त्या दिवसांत वाढलेला लोकरीचा धागा कमजोर राहिलेला असतो आणि तेथेच तो तुटतो.